आर्सचे फादर व्हियाने

आपल्या मंडळात हिंदू, ख्रिस्ती, जैन अशा सर्व घरांतल्या भगिनी आहेत. त्यामुळे एकीच्या घरातली गोष्ट दुसरीला नवलाची वाटते आणि मग हळदीकुंकवापासून नाताळच्या फराळापर्यंत तिची चर्चा चालते. गेल्या वर्षी आळीतला एक मुलगा फादर होण्यासाठी सेमिनरीत गेला, तेव्हा असेच झाले. मुलगा हुशार, नोकरी लागण्याच्या बेतात. त्याला हे कसे सुचले, आणि सुचले ते खरे की चार दिवसांचा उत्साह, हे त्याला तरी कसे कळले, असे पुष्कळजणींनी विचारले. ख्रिस्ती भगिनींनी पाचारण हा शब्द सांगितला. देव माणसाला आपल्या कामासाठी हाक मारतो, ते पाचारण. शब्द कळला, पण शंका फिटली नाही. हाक कानाला ऐकू येत नाही. मग ती ओळखायची कशी?

यंदाच्या स्मरणिकेसाठी चरित्र लिहायचे माझ्याकडे आले, तेव्हा म्हणूनच मी फ्रान्समधल्या जाँ-मारी व्हियाने यांचे निवडले. सगळ्या जगातले धर्मग्रामांचे फादर त्यांना आपले आश्रयदाते संत मानतात. पण हा मान मिळाला तो पुष्कळ पुढे. पंचविशी उलटली तरी हा मनुष्य फादर होईल असे त्याच्या गुरूखेरीज फारच थोड्यांना वाटत होते. मला त्या वर्षांविषयीच मुख्यतः सांगायचे आहे. नंतरचे चमत्कार आणि गर्दी यांच्या हकिकती ज्यांना हव्या असतील त्यांना त्या इतरत्र पुष्कळ मिळतील.

जाँ-मारीचा जन्म 8 मे 1786 रोजी दार्दियी गावी झाला. लीआँ या मोठ्या शहराजवळचे हे खेडे. वडील मात्य्यू शेतकरी, आई मारी. सहा भावंडांत हा चौथा. घर खाऊनपिऊन सुखी, आणि दाराशी आलेल्या भिकाऱ्याला परत न पाठवणारे. संध्याकाळी चुलीपाशी वाटेचे प्रवासी, भणंग, म्हातारे जमत आणि त्यांना सूप वाढले जाई. मुलांनी ते नित्य पाहिले. आईने लहानग्या जाँ-मारीला मारियामातेची एक लहानशी लाकडी मूर्ती दिली होती. ती तो शेतावरही घेऊन जाई.

तो तीन वर्षांचा असताना 1789 साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. क्रांतीविषयी आपण शाळेत जे शिकलो ते राजा, राणी, बास्तिलचा तुरुंग एवढेच. पण खेड्यातल्या घरांत ती निराळ्या वाटेने शिरली. नव्या सरकारने सर्व धर्मगुरूंनी सरकारी कायद्याशी निष्ठेची शपथ घ्यावी असे ठरवले. ज्यांनी ती घेतली ते आपल्या जागी राहिले. ज्यांनी नाकारली त्यांना देश सोडावा लागला, लपावे लागले, कित्येकांचा शिरच्छेद झाला. दार्दियीच्या फादरांनी शपथ घेतली होती. व्हियाने कुटुंबाला आरंभी त्यातला भेद कळलाच नाही. कळला तेव्हा त्यांनी गावच्या चर्चमध्ये जाणे सोडले आणि रात्री-अपरात्री, कोणाच्या धान्याच्या कोठारात, कोणाच्या बंद खोलीत, वेश पालटून आलेल्या फादरांची मिस्सा ऐकू लागले.

विचार करा, सातआठ वर्षांच्या पोराने फादर म्हणून कोणाला पाहिले? सुताराच्या नाही तर फेरीवाल्याच्या कपड्यांत, अंधारात दार ठोठावणारा, पकडला गेला तर मान गमावणारा माणूस. अकराव्या वर्षी, 1797 साली, अशाच एका लपून फिरणाऱ्या फादरांनी घरच्या घड्याळापाशी बसून त्याचे पहिले पापनिवेदन ऐकले. पुढे 1799 साली मावशीच्या गावी, एक्युलीला, त्याने पहिला ख्रिस्तशरीर संस्कार घेतला. दिवस गवत कापणीचे होते. खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि आतला मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांपुढे गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. पुरुषमाणसे त्या गाड्या रिकाम्या करण्याचे सोंग करीत होती. जाँ-मारी तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्या दिवशीची जपमाळ त्याने जन्मभर जपली असे सांगतात.

शाळा त्याला फारशी मिळाली नाही. गावात 1795 साली शाळा निघाली, तेथे तो वाचायला शिकला. मग गुरे, द्राक्षांची शेती, नांगर. 1801 साली नेपोलियनने पोपशी तह केला आणि पुढल्या वर्षी चर्चची दारे उघडली. पण फादर होतेच कोठे? कित्येक मेले होते, कित्येक म्हातारे झाले होते. साधारण सतराव्या वर्षी जाँ-मारीच्या मनात ठरले, की आपण फादर व्हायचे.

त्याने ते प्रथम आईला सांगितले. आईला आनंद झाला. वडिलांना झाला नाही. काही चरित्रकार मात्य्यूना यावरून कठोर ठरवतात, पण मला तसे वाटत नाही. थोरल्या मुलीच्या लग्नात हुंडा द्यावा लागला होता. थोरल्या मुलाला सैन्यभरतीतून सोडवण्यासाठी पैसा मोजावा लागला होता. अशा वेळी शेतावरचा धडधाकट हात काढून घ्यायचा आणि वर शिक्षणाचा खर्च करायचा, तोही जेमतेम वाचता येणाऱ्या मुलासाठी! कोणता शेतकरी बाप चटकन हो म्हणेल? सुमारे दोन वर्षे ते नाहीच म्हणत राहिले. जाँ-मारी रुसला नाही, पळून गेला नाही. तो नांगर धरून राहिला. आई मात्र अधूनमधून विषय काढीत राहिली. आपणा बायकांना ही रीत ठाऊक आहे.

याच सुमारास एक्युलीला फादर शार्ल बाले आले. क्रांतीच्या काळात लपून सेवा केलेले ते फादर. त्यांचा सख्खा भाऊ, तोही संन्यस्त, लीआँ शहरात गिलोटिनखाली मारला गेला होता. उंच, हाडकुळे, स्वतःशी कडक असे हे गृहस्थ आपल्या घरीच मुलांना लॅटिन शिकवू लागले. कारण सेमिनऱ्या भरायच्या तर आधी कोणीतरी मुले तयार करायला हवी होती. व्हियानेंच्या घरातून त्यांना विचारणा झाली. आधीच काम फार आहे म्हणून त्यांनी आरंभी नकार दिला. मुलाला प्रत्यक्ष पाहिले तेव्हा मात्र घेतले. वडीलही अखेर वळले, कारण एक्युली जवळ आणि राहायला मावशीचे घर. 1806 साली, विसाव्या वर्षी, जाँ-मारी बारा-चौदा वर्षांच्या पोरांच्या पंक्तीला लॅटिनचे व्याकरण घेऊन बसला.

आणि तेथेच अडला. आपल्याकडे पूर्वी वेदपाठशाळेत रूपावली घोकावी लागे, तशीच लॅटिन नामांची रूपे घोकावी लागतात. दिवसभर घोकलेले सकाळी पुसले जाई. त्या काळी कॅथलिक पंथाची मिस्सा, ग्रंथ, परीक्षा सगळे लॅटिनमध्ये. लॅटिन नाही तर फादरही नाही. फादर बालेंनी एका हुशार मुलाला, मात्यास लोरासला, त्याला शिकवायला सांगितले. त्या पोराचा एकदा तोल सुटला आणि त्याने सगळ्यांदेखत या वीस वर्षांच्या गड्याला थप्पड मारली. जाँ-मारी त्या मुलापुढे गुडघे टेकून त्याचीच क्षमा मागू लागला. लोरास रडू लागला आणि त्याने त्याला मिठी मारली. पुढे हाच लोरास अमेरिकेत ड्युब्यूक येथला पहिला बिशप झाला. त्या दोघांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला.

मन इतके खचले की घरी परत जावे असे जाँ-मारीला वाटू लागले. तेव्हा त्याने संत फ्रान्सिस रेजिस यांच्या समाधीपर्यंत, डोंगरातल्या ला लूव्हे गावापर्यंत, पायी जाण्याचा नवस केला. शंभर किलोमीटरच्या आसपासची वाट, आणि अट अशी की भीक मागून खायचे. धट्टाकट्टा तरुण भीक मागतो म्हणून लोकांनी त्याला चोर समजून हाकलले. तेथे पोहोचल्यावर त्याने पापनिवेदन केले, तेव्हा तिथल्या फादरांनी त्याचा नवस बदलून दिला: परतीच्या वाटेवर मागायचे नाही, भेटेल त्या भिकाऱ्याला द्यायचे. परत आल्यावर लॅटिन काही एकदम उलगडले नाही. निराश न होण्यापुरते ते येऊ लागले, इतकेच.

मग सैन्य आले. सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना भरतीतून सूट असे, पण 1809 साली नेपोलियनचे स्पेनमध्ये युद्ध चालले होते, माणसे कमी पडत होती, आणि जाँ-मारीला बोलावणे आले. वडिलांनी पैसे देऊन बदली माणूस शोधला. त्याने दोन-तीन दिवसांत विचार बदलला. जाँ-मारी लीआँला हजर झाला आणि आजारी पडला. तेथून रोआन गावी नेले, तेथेही इस्पितळात आठवडेच्या आठवडे पडून राहिला. जानेवारी 1810 मध्ये तुकडीबरोबर निघायचे होते. आदल्या दिवशी कागद घ्यायला जाताना तो चर्चमध्ये प्रार्थनेला थांबला आणि इतका वेळ थांबला की कचेरी बंद झाली. दुसऱ्या दिवशी तुकडी निघून गेलेली. पाठीवर सामान घेऊन, अंगात अजून ताप, तो एकटा तिच्या मागे निघाला. वाटेत दमून बसला असता एका अनोळखी तरुणाने त्याचे ओझे उचलले आणि त्याला सैन्याकडे न नेता डोंगरातल्या ले नोए नावाच्या गावी नेले. त्या रानात भरती चुकवलेले पुष्कळ तरुण लपलेले होते, तो तरुणही त्यांतलाच.

हा भाग काही जुनी चरित्रे घाईने उरकतात. संत मनुष्य आणि सैन्यातून पळालेला, हे शोभत नाही म्हणून. मला मात्र तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो पळाला की त्याला नेले, याचा निवाडा दोनशे वर्षांनी मी काय करणार? पण परत जाण्याची वाट त्याला होती, आणि तो गेला नाही हे खरे. त्याची किंमत इतरांनी दिली हेही खरे, ते पुढे सांगते.

गावचे मेयर स्वतः या तरुणांना सामील होते. त्यांनी त्याला आपल्या नात्यातल्या एका विधवेच्या घरी ठेवले. क्लोदीन फायो तिचे नाव, चार मुलांची आई. तिने त्याला घरचा पाहुणा म्हणून लोकांना सांगितले, आणि त्याने जेरोम व्हँसाँ असे खोटे नाव घेतले. दिवसा तो गोठ्यात काम करी, हिवाळ्यात तिच्या आणि शेजारच्या मुलांना वाचायला शिकवी. शिपाई झडतीला आले की गोठ्यावरच्या गवतात शिरे. एकदा शिपायाने गवतात तलवार खुपसली, तिचे टोक त्याला लागले, आणि तो हुं की चूं न करता पडून राहिला. पकडला असता तर त्या बाईवरही संकट होते. चार पोरे पदरी असताना परक्या तरुणाला चौदा महिने घरात लपवणाऱ्या या बाईला चरित्रांत एखादे पान मिळते. त्या पानावरून मी पुष्कळदा पुढे सरकू शकले नाही.

या बाईची आणि जाँ-मारीच्या आईची भेटही झाली. क्लोदीनला प्रकृतीसाठी दार्दियीजवळच्या झऱ्याच्या पाण्यावर यावे लागले, तेव्हा ती व्हियानेंच्या घरी उतरली. मुलगा जिवंत आहे, सुखरूप आहे, हे आईला तिच्या तोंडून कळले. दोघींत काय बोलणे झाले असेल ते आपणच समजावे. वडील मात्र रागावलेलेच होते. फरारी मुलाच्या बापाला सरकारने सुखाने बसू दिले नव्हते.

1810 साली नेपोलियनने मारी-लुईझशी लग्न केले. त्या निमित्ताने फरारींना माफी जाहीर झाली, पण घरातून बदली माणूस द्यावा लागणार होता. धाकटा भाऊ आपली पाळी येण्याआधीच सैन्यात गेला. बदल्यात जाँ-मारीच्या वाटणीतून त्याला रक्कम द्यायची ठरली. असा हा हिशेब. जाँ-मारी 1811 च्या आरंभी घरी आला. आईने त्याला पाहिले आणि थोड्याच आठवड्यांत, 8 फेब्रुवारीला, तिने डोळे मिटले. वय अठ्ठावन्न. मुलाला फादर झालेला पाहणे तिच्या नशिबी नव्हते. पुढे म्हातारपणीही तिची आठवण निघाली की ते रडत.

आता मागे फिरता येत नव्हते. पंचविसावे वर्ष लागले होते, आई गेली होती, भाऊ बंदूक घेऊन गेला होता. बाले गुरुजींनी त्याला आता आपल्याच घरी ठेवून घेतले. 1812 साली तो व्हेरियेर येथल्या लहान सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकायला गेला. वर्गात त्याच्यासारखेच आणखी एक वय वाढलेले, अभ्यासात मागे असलेले विद्यार्थी होते, मार्सेलँ शांपान्या. हे पुढे मारिस्ट ब्रदर्स या शिक्षकांच्या संघाचे संस्थापक झाले आणि 1999 साली संत म्हणून घोषित झाले. एका वर्गातले दोन मठ्ठ विद्यार्थी, दोघेही संत! शिक्षक भगिनींनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

1813 साली तो लीआँच्या मोठ्या सेमिनरीत गेला. तेथे ईश्वरविज्ञान शिकवले जाई ते लॅटिनमध्ये, प्रश्न लॅटिनमध्ये, उत्तरेही लॅटिनमध्येच. त्याला प्रश्नच कळेना. पाच-सहा महिन्यांत सेमिनरीच्या चालकांनी त्याला घरी जायला सांगितले. त्यांच्यापैकी कोणी दुष्ट नव्हते. त्याच्या वागणुकीविषयी कोणाची तक्रार नव्हती. पण ज्याला अभ्यास येत नाही त्याच्या हाती लोकांचे आत्मे कसे सोपवायचे, ही त्यांची काळजी खोटी नव्हती.

येथे पाचारणाचा प्रश्न खरा उभा राहतो. दहा वर्षे ज्याने एकच गोष्ट मनात धरली, त्याला जबाबदार माणसांनी सांगितले की ही वाट तुझी नाही. आता कोणते खरे मानायचे, मनातली ओढ की वडीलधाऱ्यांचा निर्णय? हट्टी मनुष्य म्हणतो, मलाच कळते. दुबळा मनुष्य म्हणतो, संपले. जाँ-मारीने तिसरे केले. तो शाळा चालवणाऱ्या ब्रदरांच्या संघाकडे लीआँमध्येच गेला. तेथे त्याचा व्हेरियेरचा एक सोबती होता. आपल्याला लॅटिन येत नाही, तर निदान ब्रदर होऊन देवाचे काम करू, असे त्याला वाटले. म्हणजे सेवा सोडायची नव्हती. नुसता मान आणि पद यांवरचा हक्क सोडायला तो तयार झाला होता. माझ्या मते त्याचे पाचारण खरे असल्याची ही सर्वांत मोठी खूण. ज्याला नुसता झगा हवा असतो तो असा हात मोकळा करीत नाही.

तेथून तो एक्युलीला गुरूंना सांगायला गेला. बालेंनी त्याला ते करू दिले नाही. त्या सोबत्याला निरोप पाठव की मी अभ्यासच करणार, असे त्यांनी सांगितले आणि पुन्हा पुस्तके उघडली. या वेळी फ्रेंचमधून. परीक्षेच्या दिवशी विद्वान परीक्षकांपुढे लॅटिन ऐकून तो गोंधळला आणि उत्तरे फसली. बाले दुसऱ्याच दिवशी लीआँला गेले, त्यांनी परीक्षकांना गळ घातली आणि त्यांना एक्युलीला यायला लावले. तेथे, ओळखीच्या खोलीत, फ्रेंचमध्ये प्रश्न विचारले तेव्हा जाँ-मारीने समंजस उत्तरे दिली. शेवटचा शब्द व्हिकार जनरल कुर्बों यांचा होता, कारण आर्चबिशप कार्डिनल फेश हे नेपोलियनचे मामा, आणि भाच्याचे राज्य कोसळल्यावर तेही देशाबाहेर गेले होते. कुर्बोंनी लॅटिनविषयी विचारलेच नाही. हा तरुण भाविक आहे का, मारियामातेची भक्ती करतो का, जपमाळ म्हणतो का, एवढेच विचारले. भाविकपणात त्याच्यासारखा दुसरा नाही, असे उत्तर मिळाले. तर मग मी त्याला बोलावतो, बाकीचे देवाची कृपा पाहून घेईल, असा त्यांचा निर्णय झाला.

आपल्या सगळ्यांच्या शंकेला येथे काही उत्तर मिळते. ख्रिस्ती भगिनींना विचारून आणि वाचून मला समजले ते असे, की कॅथलिक पंथात केवळ स्वतःला वाटले म्हणून कोणी फादर होत नाही. मनात ओढ हवी, अंगी लायकी हवी, हेतू शुद्ध हवा. आणि एवढे असूनही बिशपांनी चर्चच्या वतीने नाव घेऊन बोलवावे लागते. गुरुदीक्षेच्या विधीत उमेदवाराचे नाव पुकारतात आणि तो हजर आहे म्हणून पुढे होतो. हाक अशी खरोखर कानांनी ऐकू येते, पण ती अगदी शेवटी. तोवरची वर्षे, आपल्याकडच्या सेमिनरीत ती सुमारे आठ ते दहा असतात, मुलाने स्वतःला आणि इतरांनी मुलाला पारखण्यात जातात. मधून परत आलेला मुलगा नापास झाला असे समजू नये. पारखण्यासाठीच तर ती वर्षे असतात. जाँ-मारीच्या बाबतीत परीक्षक चुकत होते असेही मी म्हणणार नाही. त्यांच्या मापात तो भरत नव्हता. बालेंच्या हाती दुसरे माप होते, कारण त्यांनी त्याला रोज जवळून पाहिले होते, आणि छळाच्या काळात धर्मगुरूच्या अंगी काय असावे लागते ते स्वतः अनुभवले होते.

2 जुलै 1814 रोजी तो उपदीक्षित झाला. पुढल्या वर्षी जूनमध्ये, वॉटर्लूची लढाई होऊन पाच दिवस झाले असताना, त्याला डीकन केले. लीआँमध्ये आर्चबिशप नव्हते, म्हणून गुरुदीक्षेसाठी ग्रनोबलला जायचे होते. ऑगस्टच्या उन्हात, एका गाठोड्यात शिदोरी आणि मिस्सेचा झगा बांधून, तो एकटा शंभर किलोमीटर चालत गेला. हरलेल्या फ्रान्समध्ये ऑस्ट्रियाचे सैनिक पसरले होते. त्यांनी त्याला हेर समजून वाटेत अडवले. 13 ऑगस्ट 1815 रोजी ग्रनोबलच्या बिशपांनी त्याला गुरुदीक्षा दिली. त्या दिवशी दुसरा उमेदवार नव्हता, नातेवाइकांपैकी कोणी नव्हते, आई तर नव्हतीच. वय एकोणतीस. येथून मी त्यांना अहोजाहो म्हणते.

त्यांना साहाय्यक म्हणून एक्युलीलाच, बालेंच्या हाताखाली, नेमले. पण फादर झाले तरी पापनिवेदन ऐकण्याची परवानगी लगेच मिळाली नाही. याला तेवढे ज्ञान आहे का, ही शंका अजून होती. काही महिन्यांनी ती मिळाली, तेव्हा त्यांच्यापुढे पहिले कोण येऊन गुडघे टेकले? स्वतः फादर बाले. याहून मोठे प्रशस्तिपत्र मला माहीत नाही. डिसेंबर 1817 मध्ये बाले वारले. व्हियानेंना दोन महिन्यांतच आर्सला पाठवण्यात आले.

आर्स म्हणजे लीआँच्या उत्तरेला सुमारे पस्तीस किलोमीटरवरची एक वाडी. वस्ती सारी दोनशेतीस माणसांची. अशा ठिकाणी ज्यांना नेमतात त्यांच्याकडून वरिष्ठांची फार अपेक्षा नसते. फेब्रुवारी 1818 च्या एका धुक्याच्या दिवशी ते पायीच आले. वाट चुकली म्हणून गुरे राखणाऱ्या पोराला विचारावी लागली.

पुढली एक्केचाळीस वर्षे ते तेथेच होते, आणि ती सर्वपरिचित असल्यामुळे मी थोडक्यात सांगते. ते आठवड्याचे बटाटे एकदाच उकडून ठेवीत आणि थंडगारच खात. रविवारचे प्रवचन पाठ करण्यासाठी रात्र-रात्र जागत आणि तरीही मध्येच विसरत. कातरीन लासान्य आणि बनवात लार्दे या गावच्या दोन मुलींना त्यांनी शिकवून तयार केले आणि 1824 साली मुलींसाठी शाळा काढली. पुढे तेथेच अनाथ मुलींना आसरा मिळाला. पन्नास-साठ मुलींना शिवण, विणकाम, भाकरी भाजणे आणि वाचणे तेथे शिकवीत. आपल्यासारख्या मंडळाला हे घर जवळचे वाटावे. 1827 पासूनच दूरदूरचे लोक त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी येऊ लागले. दिवसच्या दिवस रांगेत थांबत. उन्हाळ्यात ते दिवसाचे सोळा-सोळा तास त्या लाकडी कोठडीत बसत. ज्याला प्रश्न कळत नाहीत म्हणून सेमिनरीने परत पाठवले, त्याच्यापुढे शिकलेली माणसे आपले प्रश्न घेऊन येऊ लागली.

आणि तरीही शंका संपली नव्हती, इतरांची नाही आणि त्यांची स्वतःची तर मुळीच नाही. शेजारच्या काही फादरांनी बिशपांकडे अर्ज केला, की हा अशिक्षित मनुष्य लोकांना मार्गदर्शन करण्यास अपात्र आहे. तो कागद फिरत फिरत त्यांच्याच हाती आला. मजकूर त्यांना पटला, म्हणून त्यांनी खाली सही करून तो पुढे पाठवून दिला, असे सांगतात. पद सोडून कोठल्या तरी मठात एकांतात राहावे आणि आपल्या पापांबद्दल रडावे, हा विचार त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. 1843 साली मोठ्या आजारातून उठल्यावर ते रात्री निघून दार्दियीला भावाच्या घरी गेले. दोन-तीन दिवसांत माणसे तेथेही येऊन पोहोचली, आणि ते परत आले.

शेवटचा प्रयत्न सप्टेंबर 1853 मधला. वय सदुसष्ट. मध्यरात्री कंदील घेऊन ते बाहेर पडले. पण बातमी फुटली होती. कोणीतरी चर्चची घंटा वाजवली. आग लागली की काय म्हणून बादल्या आणि काठ्या घेऊन लोक धावत आले आणि त्यांची वाट अडवून उभे राहिले. लांबून आलेले यात्रेकरूही त्यांत होते. आमचे ऐकल्याशिवाय जाऊ नका म्हणून ते विनवू लागले. त्यांच्या साहाय्यक फादरांनी त्यांचे प्रार्थनेचे पुस्तकच काढून घेतले, म्हणजे ते आणायला तरी मागे फिरावे लागेल. ते काही वेळ अंधारात उभे राहिले, मग चर्चकडे वळले, गळ्यात पट्टा घातला आणि आपल्या कोठडीत जाऊन बसले. रांग तेथे होतीच.

त्यानंतर सहा वर्षांनी, 4 ऑगस्ट 1859 रोजी पहाटे दोनच्या सुमारास, त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. जुलैच्या अखेरच्या दिवसांपर्यंत ते लोकांची पापनिवेदने ऐकत होते. 1925 साली पोप अकराव्या पायस यांनी त्यांना संत घोषित केले, आणि चार वर्षांनी जगातल्या सर्व धर्मग्रामांच्या फादरांचे आश्रयदाते ठरवले. 4 ऑगस्ट हा त्यांचा सण. आपल्या ख्रिस्ती भगिनी त्या दिवशी आपापल्या फादरांना शुभेच्छा देतात, ते याच आर्सच्या फादरांच्या नावाने.